कारणाचा रकाना

सोनेगाव विमानतळ, काउंटर सात.
पहाटे सव्वापाचला फळ्यावर लाल अक्षरं उमटली
आणि रांगेची एकदम माणसं झाली.

माझ्या गळ्यात कंपनीचा स्कार्फ,
तोंडात कंपनीचं वाक्य:
खराब हवामानामुळे. आम्ही दिलगीर आहोत.
काचेबाहेर आभाळ इतकं निरभ्र
की मिहानचे दिवे एकेक करून मोजावेत.

पहिला ओरडला. दुसरीने व्हिडिओ काढला.
तिसरा हळूच म्हणाला,
"मॅडम, हवामान कोणतं? इथचं का पुण्याचं?
आत्ताच पाहून आलो ना मी बाहेर. तारे दिसून राहिले."
तिकिटावर नाव: निनावे, दौलत सीताराम.
पाचपावलीचे. बोटं धोट्याची,
माग विकून कितीही वर्षं झाली असोत.

भिंतीवर प्रवाशांच्या हक्कांची पाटी आहे.
तिच्यासमोर आम्ही गोव्याच्या सुट्टीची जाहिरात उभी केली होती.
त्यांनी ती उचलून बाजूला ठेवली,
चष्मा लावला, आणि ताण्याचे धागे तपासावेत
तसं ओळीखाली बोट फिरवत वाचलं.
विमान हवेत जेवढा वेळ राहिलं असतं
त्यावर भरपाई ठरणार होती.

"अन् जमिनीवर माहं जे बुडलं, ते?"

खडकीच्या कारखान्यात आज चार वाजता
धाकटा भाऊ शेवटचं कार्ड पंच करणार होता.
छत्तीस वर्षांची नोकरी, अकरा वर्षांचा अबोला.
मागाच्या पैशावरून.
तिकीट भावानेच काढून पाठवलं होतं.
चिठ्ठी नाही, फोन नाही. नुसतं तिकीट.

मी म्हणाले, "काका, रिफंड पूर्ण मिळेल.
ज्या खात्यातून पैसे आले, त्याच खात्यात. आपोआप."
नियम सांगताना माझा आवाज जरा खुलतो.
ते काउंटर धरून उभे राहिले.
"म्हंजे त्याले पैसे वापस भेटन.
त्याले वाटन, म्याच तिकीट वापस केलं."

मग म्हणाले, "भरपाई राहू द्या. कारण लिहून द्या."

संगणकात कारणाच्या रकान्यात तीन पर्याय होते:
हवामान. वाहतूक नियंत्रण. इतर, अपरिहार्य.
वैमानिकाचे कामाचे तास संपले
आणि बदली माणूस ठेवलाच नव्हता,
असा चौथा पर्याय कुणी घातला नव्हता.
मी बोर्डिंग पास उलटा केला,
माझ्याच पेनाने तेवढंच लिहिलं,
तारीख, वेळ, खाली सही. नमिता ढेंगे.
शिक्का उमटवताना शाई कमी पडली, पुन्हा मारला.

पुढच्या आठवड्यात माझी बदली झाली, सामानाच्या पट्ट्यावर.
कारणाच्या रकान्यात: प्रशासकीय.

उन्हाळ्यात सिव्हिल लाइन्समधल्या ग्राहक आयोगाचा समन्स आला.
अर्धी रजा टाकून गेले.
दारावर कागद चिकटवलेला:
सदस्यपद रिक्त असल्याने आजची सुनावणी होणार नाही.
कंपनीचे वकील घड्याळ बघत निघून गेले.
निनावे काका बाकावर बसून खो खो हसत होते.
"आता याची भरपाई किती, मॅडम?
हे तं जमिनीवरच हाय. हवेत शून्य मिनिटं."

त्यांच्या शेजारी तसंच नाक असलेला एक माणूस,
मांडीवर रात्रीच्या बसचा प्रवास केलेली बॅग.
त्याने खिशातून घडीवर फाटत आलेला कागद काढला,
माझी दोनदा मारलेली मोहोर.
"हे अक्षर तुमचं?"
मी मान हलवली.
तो बराच वेळ कागदाकडेच बघत होता.
"रिफंड दुसऱ्या दिवशीच आला होता," म्हणाला,
"हा कागद पोस्टाने बाराव्या दिवशी.
मधले दहा दिवस…"

शिपायाने आतून ओरडून पुढची तारीख सांगितली.
दोघांनी एकाच वेळी पेनासाठी
आपापला खिसा चाचपला.